जुन्या गाडीची ठिणगी: इलेक्ट्रॉनिक डेल्को बसवण्याआधी आणि बसवताना

आजचा भाग जरा तेलकट हातांचा आहे, तेव्हा एखादी जुनी चिंधी जवळ असू द्या.

गेल्या महिन्यात इथल्याच एका श्रोत्या ताईंचा ईमेल आला. त्यांच्या बाबांकडे १९६८ ची मॉरिस मायनर आहे. बाबा ऐंशीच्या पुढचे. दर काही महिन्यांनी बोनेट उघडायचं, डेल्कोचं झाकण काढायचं, सीबी पॉइंट घासून साफ करायचे आणि फीलर गेज घालून गॅप बघायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. आता हात थरथरतात. गेज धरवत नाही. गाडी ताई चालवतात, आणि ती राउंडअबाउटच्या तोंडावर, मागे रांग लागलेली असताना, बरोब्बर बंद पडते. ताई म्हणतात, इलेक्ट्रॉनिक डेल्को बसवून टाकू. बाबा म्हणतात, पन्नास वर्षं पॉइंटवर चालली, आताच काय धाड भरली? ताईंचा आपल्याला प्रश्न असा, की आमच्यात बरोबर कोण?

ताई, दोघंही बरोबर आहात. ते कसं, हे सांगण्यासाठीच आजचा भाग.

आधी नावाचा घोळ मिटवू. पुस्तकात या भागाला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजात मात्र मिस्त्री त्याला डेल्को म्हणत आले. डेल्को हे खरं तर अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांच्या कंपनीचं नाव. त्यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी बॅटरीवर चालणारी इग्निशन बनवली, आणि थोड्याफार फरकाने तीच पद्धत पुढे साठ-सत्तर वर्षं जगभरच्या गाड्यांमध्ये होती. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीत तीच, मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेल्या अँबॅसेडरमध्ये तीच, आणि ताईंच्या मायनरमध्येही तीच. त्यामुळे ज्यांनी तिकडे कधी अँबॅसेडरच्या बोनेटमध्ये डोकं घातलंय, त्यांना मायनर परकी वाटणार नाही.

आता ही पद्धत चालते कशी ते बघू. बॅटरी बारा व्होल्टची, आणि प्लगला ठिणगी पाडायला काही हजार व्होल्ट लागतात. हे काम कॉइल करते. कॉइलच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचं, थोड्या फेऱ्यांचं, आणि एक बारीक तारेचं, हजारो फेऱ्यांचं. जाड तारेतून चार-एक अँपिअर करंट वाहत असतो. तो एकदम तोडला, की बारीक तारेत जोरदार व्होल्टेज उसळतं आणि तेच प्लगपर्यंत जातं. म्हणजे ठिणगी करंट सोडल्याने पडत नाही, तोडल्याने पडते. आणि तो तोडण्याचं काम सीबी पॉइंट करतात.

डेल्कोच्या मधोमध एक दांडा फिरतो. त्यावर चार उंचवटे असतात. प्रत्येक उंचवटा पॉइंटची एक बाजू ढकलतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो, ठिणगी पडते. वरचा रोटर ती ठिणगी त्या त्या सिलिंडरच्या वायरीकडे वाटून देतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर डेल्को त्याच्या निम्मे, म्हणजे १५०० फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात चार ठिणग्या, म्हणजे मिनिटाला ६०००, सेकंदाला १००. एवढ्या वेळा ते इवलेसे पॉइंट उघडतात आणि मिटतात.

आता दुखणं कुठे आहे बघा. करंट तोडताना पॉइंटवर दरवेळी बारीकशी चमक उडते. कंडेन्सर ती बरीचशी शोषून घेतो, सगळी नाही. त्यामुळे एका पॉइंटवर खड्डा पडतो, दुसऱ्यावर टेंगूळ येतं. शिवाय उंचवट्यावर घासणारी पॉइंटची टाच झिजत जाते. टाच झिजली की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, आणि ठिणगी उशिरा पडायला लागते. गाडी एका दिवसात बिघडत नाही. रोज थोडी थोडी सुस्त होत जाते, आणि आपल्याला ती सवय होऊन जाते. मायनरच्या डेल्कोत ही गॅप असते ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर. बाबा दर काही महिन्यांनी जे करत होते, ते या झिजेची भरपाई होती. म्हणून पन्नास वर्षं गाडी पॉइंटवर चालली हे बाबांचं म्हणणं अगदी खरं. फक्त ती नुसती पॉइंटवर चालली नाही, पॉइंटवर आणि बाबांवर चालली.

इलेक्ट्रॉनिक डेल्को नेमकं हेच काम हाती घेतो. त्यात उंचवट्यांच्या जागी लोहचुंबकाचे छोटे तुकडे असतात आणि शेजारी एक सेन्सर. चुंबक समोरून गेला की सेन्सरला कळतं. बऱ्याच डेल्कोंमध्ये हा सेन्सर हॉल इफेक्टवर चालतो, म्हणजे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या गुणधर्मावर. सेन्सरने इशारा दिला की ट्रान्झिस्टर करंट तोडतो. काही घासत नाही, काही जळत नाही, त्यामुळे टायमिंग एकदा लावलं की जागच्या जागी राहतं. सकाळच्या गारठ्यात गाडी पटकन सुरू होते, आणि सिग्नलला उभी असताना एका सुरात चालते. तेव्हा ताईंचंही खरं.

पण मंडळी, या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. इलेक्ट्रॉनिक डेल्को फक्त पॉइंट आणि कंडेन्सर यांचं दुखणं घालवतो. बाकी सगळं तसंच राहतं. कॉइल तीच, झाकण आणि रोटर त्याच प्रकारचे, प्लगच्या वायरी त्याच, कार्बोरेटर तोच. पावसाळ्यात खोपोलीच्या अलीकडे गाडी भुकभुकायला लागली की ड्रायव्हर उतरून डेल्कोचं झाकण कोरड्या फडक्याने पुसायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी ऐकून ठेवा, ओल्या झाकणाचं ते दुखणं नव्या डेल्कोलाही होऊ शकतं. आणि बॅटरीच अशक्त असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून खरेदीच्या आधी निदान. गाडी बंद पडते ती कशी, ते नीट बघा. गाडी आचके देत, खोकत बंद पडते की शांतपणे मरते? गरम झाल्यावरच होतं का? दहा मिनिटं थांबल्यावर पुन्हा सुरू होते का? गरम झाल्यावर ठिणगीच जाते आणि गार झाल्यावर परत येते, असं असेल तर संशय कॉइल आणि कंडेन्सर या दोघांवर घ्या. रोटरही तपासा. ठिणगी चांगली असूनही गाडी मरत असेल तर पेट्रोलकडे बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून ठिणगी पळतेय, झाकण बदला. यातलं काही सापडलं तर ते आधी दुरुस्त करा, आणि गाडी जुन्या पॉइंटवरच नीट चालवून बघा. चालत्या गाडीत केलेला बदल चुकला तर लगेच कळतो. न चालणाऱ्या गाडीत बदल केला, तर दोन बिघाड एकमेकांत मिसळतात आणि डोकं धरून बसायची वेळ येते.

आता खरेदी. दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून न्या.

पहिली गोष्ट, अर्थिंग कुठलं. आजच्या गाड्यांमध्ये बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. जुन्या अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये उलटं आहे, पॉझिटिव्ह टोक बॉडीला. मायनर तर कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थिंगचीच निघायची. पण मधल्या काळात कोणी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला असेल, तर अर्थिंगही फिरवलेलं असू शकतं. म्हणून पुस्तकावर विसंबू नका आणि वायरच्या रंगावरही नको. बॅटरीवरची जी जाड केबल थेट बॉडीला किंवा इंजिनला जाते, तिच्या टोकावर प्लस आहे की मायनस, ते डोळ्यांनी बघा. पॉइंटला अर्थिंग कुठलंही चालतं, ते बिचारे दोन्हीकडून करंट तोडतात. इलेक्ट्रॉनिक सर्किटला चालत नाही. उलट जोडलं की किल्ली फिरवताच ते कायमचं जाऊ शकतं. ही चूक मी स्वतः केलेली आहे. आवाज नाही, धूर नाही, जरासा जळका वास आला आणि नवाकोरा डेल्को मेला. चूक माझी होती, त्यामुळे बदलून मागायलाही तोंड नव्हतं.

दुसरी गोष्ट, कॉइल. मल्टिमीटर घ्या, इग्निशन बंद ठेवा, कॉइलच्या दोन्ही छोट्या वायरी काढा आणि त्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. तीन ओहमच्या आसपास आलं तर ती साधी बारा व्होल्टची कॉइल. दीडच्या आसपास आलं तर ती बॅलास्ट कॉइल, म्हणजे तिच्याकडे जाणाऱ्या वायरीत एक रोधक असतो आणि गाडी चालू असताना तिला बाराहून कमी व्होल्ट मिळतात. मायनरला मुळात साधी कॉइल असते. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांना बॅलास्ट आहे. नव्या डेल्कोच्या कागदावर कॉइलचा किमान ओहम किती हवा ते लिहिलेलं असतं. त्याहून कमी ओहमची कॉइल लावली तर करंट जास्त वाहतो, आणि सर्किट तापून जातं.

तिसरी गोष्ट, प्लगच्या वायरी. नुसत्या तांब्याच्या, रोधक नसलेल्या वायरी असतील तर त्या बदलाव्या लागतील. त्यांच्यातून जो विद्युत गोंगाट होतो, त्याने रेडिओ तर खरखरतोच, सेन्सरही गोंधळतो. कार्बनच्या, रोधक असलेल्या वायरी घ्या.

चौथी गोष्ट, डेल्कोचा नंबर. जुन्या डेल्कोच्या अंगावर ठोकलेला असतो. इंजिनाचा वेग वाढतो तशी ठिणगी किती लवकर पडायला हवी, हे आतली वजनं, स्प्रिंगा आणि बाजूची व्हॅक्युमची डबी ठरवतात, आणि ते प्रत्येक इंजिनाला वेगळं असतं. दुकानदाराला नंबर आणि इंजिन दोन्ही सांगा. ताईंच्या मायनरचं इंजिन १०९८ सीसीचं आहे. बाहेरून तोच दिसणारा डेल्को दुसऱ्या इंजिनासाठीचा असू शकतो.

इथे कोणी विचारेल, जुन्याच डेल्कोत बसणारा इलेक्ट्रॉनिक संच मिळतो, तो घेतला तर? चालेल, आणि स्वस्तही पडेल, पण आधी झाकण काढून रोटरचा दांडा आडवा हलवून बघा. खुळखुळत असेल तर आतलं बुश झिजलंय. तिथे नवा संच बसवणं म्हणजे हलणाऱ्या दातावर चांदी भरण्यासारखं. अशा वेळी पूर्ण डेल्कोच घ्या.

सामान आलं. आता शनिवारची सकाळ धरा, आणि घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्या. हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला. ज्यांना पेसमेकर आहे, त्यांनी चालू इंजिनाच्या इग्निशनपासून लांब थांबायचं. हे आजोबांना प्रेमाने पण ठामपणे सांगा.

पायरी पहिली, फोटो. काहीही काढण्याआधी मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा. प्लगच्या वायरींना चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ असे आकडे घाला. मायनरमध्ये एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. ठिणगीचा क्रम १, ३, ४, २, आणि वरून बघितलं तर रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो.

पायरी दुसरी, इंजिन योग्य जागी आणणं. किल्ली बंद. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. एक नंबरच्या भोकावर कोणीतरी अंगठा धरा, आणि दुसऱ्याने पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा आवळू नका. जुन्या लोकांना कारण माहीत आहे, हँडल उलटं मारलं की अंगठा जातो. भोकावरच्या अंगठ्याला हवेचा दाब जाणवला, की पुलीवरची खाच बघा. ती खालच्या टोकदार खुणांपाशी येते. सगळ्यात लांब खूण म्हणजे पिस्टन सर्वांत वर. तिच्याआधीच्या खुणा पाच आणि दहा अंशांच्या. तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये जो अंश दिलाय तिथे खाच आणून थांबा. आता डेल्कोचं झाकण उघडा. रोटरचं टोक एक नंबरच्या वायरीकडे बघत असायला हवं. ते कुठे बघतंय, त्याची खूण मार्करने इंजिनावर करा. आता यापुढे इंजिन हलवायचं नाही.

पायरी तिसरी, बॅटरी. नेहमी आधी बॉडीला जोडलेली केबल काढायची. आधी मायनस काढा ही आपली सवय पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत चुकीची ठरते; तिथे प्लस आधी. नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते, आणि ती आपल्याला नको असलेल्या जागी.

पायरी चौथी, जुना डेल्को काढणं. व्हॅक्युमची नळी काढा, कॉइलकडून आलेली बारीक वायर काढा, खालच्या पट्टीचा बोल्ट सैल करा आणि डेल्को सरळ वर ओढा. अडकला असेल तर हातोडी नको. थोडं तेल सोडा, डावी-उजवीकडे हलवत राहा, तो येतो. काढलेला डेल्को फेकू नका. त्याच्याबद्दल शेवटी बोलू.

पायरी पाचवी, नवा बसवणं. दांड्याला बोटभर इंजिन ऑइल लावा आणि डेल्को भोकात उतरवा. खालच्या टोकाला जीभ असते, ती इंजिनातल्या खाचेत बसते. दोन्ही मध्यापासून जराशा बाजूला आहेत, त्यामुळे जीभ एकाच बाजूने बसते. रोटर हळूहळू फिरवत राहा, एका जागी डेल्को टपकन खाली बसेल. आता रोटर आपल्या खुणेकडे बघतोय ना? बघत असेल तर छान. अगदी उलट दिशेला बघत असेल, तर नव्या डेल्कोची जीभ अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवलेली आहे. घाबरू नका, रोटर ज्या टोकाकडे बघतोय तिथे एक नंबरची वायर लावा आणि पुढच्या वायरी त्याच क्रमाने लावत जा. पट्टीचा बोल्ट इतकाच आवळा की डेल्को हाताने जोर लावून फिरेल. शेवटीही फार आवळू नका, ॲल्युमिनियमचं अंग आहे, चिरतं.

पायरी सहावी, दोन वायरी. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतात. एसडब्ल्यू म्हणजे किल्लीकडून येणारी, सीबी म्हणजे पॉइंटकडे जाणारी. पुढच्या कॉइलवर प्लस आणि मायनस असतं. पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत किल्लीची वायर मायनसला येते. किल्लीची वायर कुठली याची खात्री नसेल तर दोन्ही वायरी सुट्या करा, बॅटरी तात्पुरती जोडा, किल्ली चालू करा आणि मीटरने बघा. सुट्या वायरीपैकी जिच्यात बारा व्होल्ट, ती किल्लीची. मग किल्ली बंद, बॅटरी पुन्हा वेगळी. नव्या डेल्कोच्या दोन वायरी कशा लावायच्या, हे त्याच्यासोबतच्या कागदात बघा, आणि तुमच्या अर्थिंगचंच चित्र बघा. इंटरनेटवरच्या कुणा दुसऱ्याच्या गाडीचं नाही. वायरी जोडल्यावर एक चहा घ्या, आणि परत येऊन सगळं पुन्हा एकदा तपासा. हा चहा फुकट जात नाही.

पायरी सातवी, टायमिंग. काही नव्या डेल्कोंमध्ये छोटा दिवा असतो. किल्ली चालू करून डेल्कोचं अंग फिरवलं की ठिणगीच्या क्षणी दिवा बदलतो, तिथे बोल्ट आवळायचा. दिवा नसेल तर मार्करच्या खुणेवर बसवून गाडी सुरू होण्याइतकं टायमिंग मिळतंच. पण गाडी बंद असताना किल्ली उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते आणि सर्किटही.

झाकण, प्लग, वायरी लावून गाडी सुरू करा. इंजिन गरम होऊ द्या. मग टायमिंग लाइटची चिमटी एक नंबरच्या वायरीला लावा, व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, इंजिन मॅन्युअलमधल्या वेगावर आणा आणि पुलीकडे उजेड टाका. उजेड ठिणगीच्या तालावर लुकलुकतो, म्हणून पुली थांबल्यासारखी दिसते. ती थांबलेली नाही! पंखा आणि पट्टा पूर्ण वेगात फिरतायत. ओढणी, स्कार्फ, सैल बाह्या, सुटे केस, सगळं आवरून बसा, आणि मुलांना दोन हात लांब उभं करा.

ठिणगी लवकर पडायला हवी असेल तर डेल्कोचं अंग रोटरच्या उलट दिशेने फिरवायचं, उशिरा हवी असेल तर रोटरच्याच दिशेने. केसभर फिरवा आणि बघा. जागेवर आलं की बोल्ट आवळा, नळी लावा, आणि पुन्हा एकदा उजेड टाकून खात्री करा, कारण आवळताना डेल्को थोडा सरकतो.

सुरूच झाली नाही तर? इंजिन फिरतं पण ठिणगी अजिबात नाही, तर किल्लीची वायर, अर्थिंग आणि त्या दोन वायरी बघा. कार्बोरेटरमधून फाट-फाट आवाज येत असेल, तर प्लगच्या वायरींचा क्रम चुकलाय. गाडी चालते पण चढावर जोर लावताना इंजिनात बारीक टणटण वाजते, तर ठिणगी फार लवकर पडतेय, टायमिंग जरा मागे घ्या. ती टणटण दुर्लक्ष करण्यासारखी नाही, तिने पिस्टन खराब होतात. इथल्या पंपावरचं साधं पेट्रोल २०२१ पासून ई१० झालंय. जुन्या गाडीला महागातलं ई५ सुपर घाला.

अजून एक गोष्ट. ब्रिटनमध्ये ४० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मोठे बदल न केलेल्या गाडीला दरवर्षीची एमओटी तपासणी बंधनकारक नाही. ही सवलत आहे आणि जबाबदारीही, कारण मग तपासणारे आपणच उरतो. विमा कंपनीला बदल कळवून टाका, एका ईमेलचं काम आहे.

आता तो जुना डेल्को. पॉइंट बिघडतात ते हळूहळू, आधी कुरकुरतात, खोकतात, आणि बहुतेक वेळा घरापर्यंत आणून सोडतात. इलेक्ट्रॉनिक सर्किट क्वचितच बिघडतं, पण बिघडलं की पूर्वसूचना न देता, आणि रस्त्याच्या कडेला त्यावर काही इलाज नसतो. म्हणून जुना डेल्को साफ करून, नवे पॉइंट घालून, गॅप लावून, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा. सोबत चांगला कंडेन्सर, पाना आणि मार्कर. पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, तो कुठल्याही अर्थिंगवर चालतो. वीस मिनिटांत बदलता येतो.

आणि ताई, ती गॅप लावण्याचं काम बाबांचं. हात थरथरत असतील तर गेज तुम्ही धरा, ते सांगतील. पाती जराशी अडखळत सरकली पाहिजे, फार सैल नको, फार घट्ट नको, हे पुस्तकात वाचून कळत नाही, ज्याने शंभर वेळा केलंय त्याच्या शेजारी बसूनच कळतं. नंतर त्यांना शेजारी बसवून एखाद्या चढावर फेरी मारून या. टणटण वाजते की नाही, हे टायमिंग लाइटपेक्षा त्यांच्या कानाला आधी कळेल.

तर ताई, नवा डेल्को इंजिनात आणि जुना डिकीत, असा आमचा निवाडा. गाडी कशी चालली ते नक्की कळवा, आणि बाबांना आमचा नमस्कार सांगा. मंडळी, तुमच्याही गॅरेजमध्ये असं काही जुनं, हट्टी, लाडकं उभं असेल तर लिहा. पुन्हा भेटू. तोवर हात स्वच्छ धुवा, साध्या साबणाने जात नाही, थोडी साखर आणि गोडं तेल चोळून बघा. नमस्कार.